तुळईवरची तारीख : अंबरनाथच्या शिवालयाचा इतिहास

संस्थेचा इतिहास लिहायचा म्हणजे आधी कपाटातली दप्तरे काढावी लागतात. नोंदणीचा दाखला, पहिल्या सभेचे इतिवृत्त, देणगीदारांची यादी, इमारतीचा नकाशा. अंबरनाथच्या शिवालयाचे स्थापनेचे दप्तर एका तुळईवर मावते. उत्तरेकडच्या दाराच्या माथ्यावर, आतल्या अंगाला, काही संस्कृत ओळी कोरलेल्या आहेत. दारातून आत येणारा भाविक पायाखालचा उंबरा सांभाळतो आणि सरळ गाभाऱ्याच्या दिशेने जातो. वर मान करून तुळई पाहण्याचे त्याला काही कारण नसते. त्या ओळींत मात्र या मंदिराचा शक आहे, राजाचे नाव आहे, त्याच्या अमात्यांची नावे आहेत आणि ही वास्तू कुणाची म्हणून उभी राहिली तेही आहे. कोकणातल्या आणि देशावरच्या कितीतरी जुन्या देवळांचा काळ निव्वळ खांबांच्या घडणीवरून आणि मूर्तींच्या मुकुटांवरून ठरवावा लागतो. अंबरनाथला तसा अंदाज करावा लागत नाही.

लेखातला शक आहे ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. राजा आहे महामंडलेश्वर माम्वाणिराजदेव, उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातला मुम्मुणि. आणि वास्तूचा उल्लेख आहे तो छित्तराजदेवाचे भवन असा. छित्तराज हा मुम्मुणीचा थोरला भाऊ. थोरल्याने आरंभिले आणि धाकट्याने तडीस नेले, असा या लेखाचा अर्थ सर्वसाधारणपणे लावला जातो. राजाने आपल्या कारकिर्दीत पुऱ्या झालेल्या वास्तूवर भावाचे नाव राहू दिले, ही गोष्ट राजघराण्यांच्या इतिहासात वाटते तितकी सर्रास घडणारी नव्हे.

आज ९८२ हा आकडा आपण सहज सांगतो. तो वाचण्याचीही एक कथा आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख प्रथम वाचला, तेव्हा त्यांना शक ७८२ असा दिसला. तसे असते तर मंदिर इसवी सन ८६० चे, म्हणजे आणखी दोनशे वर्षांनी जुने ठरले असते. पहिला अंक झिजलेला, वरच्या रेघा पुसट. चूक समजण्यासारखी होती. पण ८६० साली उत्तर कोकणात राज्य कुणाचे होते हे कान्हेरीच्या लेण्यांतले लेख सांगतात. तिथे शके ७७५ आणि ७९९ च्या लेखांत राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचा मांडलिक म्हणून शिलाहार कपर्दीचे नाव येते. छित्तराज आणि मुम्मुणि हे त्याच्या बऱ्याच पिढ्यांनंतरचे. शिवाय छित्तराजाचा भांडुपला सापडलेला ताम्रपट शके ९४८ चा आहे. शके ९४८ मध्ये राज्य करणाऱ्या माणसाच्या नावाचे भवन शके ७८२ मध्ये कसे उभे राहील? पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी लेख पुन्हा तपासला आणि अंक ९८२ असा वाचला. भगवानलाल हे भाऊ दाजींच्या हाताखाली तयार झालेले संशोधक. गुरूचे वाचन शिष्याने सुधारले आणि विद्वानांनी ते स्वीकारले. पुढे महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी शिलाहारांचे सारे लेख एकत्र केले, त्यातही हाच शक कायम राहिला.

तरीसुद्धा अंबरनाथच्या मंदिराला कुणी पांडवकालीन म्हणतात, कुणी हेमाडपंती. जिच्या दारावर जन्माची तारीख कोरलेली आहे तिला दुसऱ्याच घरची समजणे, हा प्रकार या संस्थेच्या बाबतीत फार दिवस चालला आहे. त्याकडे पुढे येऊच, आधी संस्थापकांकडे.

संस्थापकांचे घर

उत्तर कोकणचे शिलाहार आधी राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. राष्ट्रकूट गेल्यावर त्यांनी कधी स्वतंत्रपणे, कधी कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता मानून राज्य केले. पुरी-कोकणची चौदाशे गावे हा त्यांचा मुलूख. ठाणे, म्हणजे तेव्हाचे स्थानक, हे त्यांचे मोठे शहर आणि बंदर. बिरुदांत ते स्वतःला ‘तगरपुरपरमेश्वर’ म्हणवत. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर. म्हणजे घराण्याची आठवण घाटावरची आणि राज्य समुद्रकाठचे. त्यांच्या अमात्यांची नावे पाहा. छित्तराजाच्या ताम्रपटात नागणैय आणि सीहपैय भेटतात. ‘ऐय’ या शेवटाने कानडी वळण लगेच ओळखू येते. त्याच दानपत्रात परराष्ट्र व्यवहारासाठी दोन अधिकारी आहेत, आणि त्यांतला एक खास कर्णाटकाशी होणाऱ्या व्यवहारांसाठी नेमलेला. ठाण्याच्या दरबारात अकराव्या शतकात कानडी वळणाची नावे, संस्कृत लेख आणि भोवताली घडत असलेली मराठी असा कारभार चालू होता.

मराठीची साक्षही याच वर्षाची आहे. रायगड जिल्ह्यातल्या दिवेआगरला मिळालेला प्रसिद्ध मराठी ताम्रपट शके ९८२ चाच. ज्या साली अंबरनाथच्या तुळईवर संस्कृत ओळी कोरल्या, त्याच साली कोकणातच दक्षिणेकडे गावातल्या व्यवहाराचा मजकूर तांब्यावर मराठीत उतरला. मराठीच्या आरंभीच्या लेखांची चर्चा दिवेआगरशिवाय पुरी होत नाही. त्याच्याच शेजारी अंबरनाथ ठेवले म्हणजे त्या काळाचे चित्र भरून येते. देवालयाची भाषा वेगळी, घेण्यादेण्याची वेगळी, आणि राज्य एकच.

छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणि हे तिघे भाऊ वज्जडाचे मुलगे. तिघांनीही एकामागून एक राज्य केले. या तिन्ही भावांचा आश्रय मिळालेला एक लेखक आपल्याला ठाऊक आहे : लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून आलेला सोड्ढल. त्याची ‘उदयसुंदरीकथा’ संस्कृत चंपूंमध्ये गणली जाते आणि तीत त्याने या तिघा राजांचा उल्लेख केला आहे. मंदिर उभे राहत होते तेव्हा त्याच दरबारात हा ग्रंथकार वावरत होता.

मुम्मुणीच्या कारकिर्दीची एक झलक धारवाडजवळच्या नरेंद्र गावच्या शिलालेखात मिळते, तीही गोव्याच्या बाजूने. गोव्याचा कदंब राजा जहाजांचा ताफा घेऊन ठाण्याकडे आला. मुम्मुणीने त्याला सामोरे जाऊन राजवाड्यात नेले, सत्कार केला आणि आपली मुलगी त्याला दिली, असे तो लेख सांगतो. कदंबांच्या प्रशस्तीत ही हकिकत त्यांच्या गौरवासाठी आली आहे, त्यामुळे तिच्यातला सत्कार कितपत राजीखुशीचा होता याचा विचार वाचकाने करावा. एवढे मात्र दिसते की ठाणे आणि गोवा यांच्यात तेव्हा समुद्रमार्गाने भेटी, लढाया आणि सोयरिकी चालत होत्या.

आणि उत्तरेकडे माळवा. धारच्या राजा भोजाने इसवी सन १०२० मध्ये कोकण जिंकल्याचा उत्सव केला. त्या निमित्ताने दिलेली त्याची दोन दानपत्रे, बांसवाडा आणि बेटमा इथली, उपलब्ध आहेत. ठाण्याला तेव्हा या भावांचा चुलता अरिकेसरी राज्य करत होता. भोजाची सत्ता कोकणात टिकली नाही, पण माळव्याचा संबंध राहिला. तो कुठे राहिला, ते शिखराकडे पाहिले की कळते.

देवळाभोवती एक फेरी

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या रेल्वेवर अंबरनाथ स्थानक आहे. तिथून पूर्वेला थोड्या अंतरावर वालधुनी नदीच्या काठी, सखल जागी हे शिवालय उभे आहे. डोंगरावरची देवळे दुरून दिसतात. हे अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. दगड आपला सह्याद्रीचाच, काळा बेसॉल्ट. हा दगड वालुकाश्मासारखा मऊ नाही. छिन्नीखाली तो सहज नमत नाही आणि एकदा नमला की झीज फार सोसतो. चुन्याशिवाय, दगडावर दगड नेमका बसवून सारे बांधकाम केले आहे.

तोंड पश्चिमेला. समोर नंदी. मंडपाला पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशा तीन बाजूंनी मुखमंडप, आणि पूर्वेला गाभारा. कागदावर आराखडा काढला तर तो साधा वाटतो : मंडपाचा एक चौरस, गाभाऱ्याचा एक चौरस, मधे अंतराळ. प्रत्यक्षात भिंतीजवळ उभे राहिले की चौरस कुठेच सापडत नाही. भिंत पुढे येते, मागे जाते, पुन्हा पुढे येते. एका कोनात दुसरा कोन, त्यात तिसरा. कोणताही दगडी पृष्ठभाग दोन-तीन फुटांपेक्षा जास्त सलग दिसत नाही असे वाटू लागते. या मोडणीमुळे सकाळी आणि संध्याकाळी उभ्या सावल्यांच्या पट्ट्या भिंतीवर पडतात आणि वास्तू आहे त्याहून उंच भासते. शिखर अर्धे नसतानाही मंदिर बुटके वाटत नाही, याचे कारण हे कोन आहेत. मूर्तींचे कौतुक सगळेच करतात. माझ्या मते इथल्या स्थपतीची खरी करामत या भिंतीच्या घड्यांत आहे.

तळाशी पीठाचे थर आहेत. त्यांत कीर्तिमुखांची ओळ, म्हणजे ग्रासपट्टी, आणि हत्तींचा थर सहज ओळखता येतो. त्यावर जंघा, म्हणजे भिंतीचा मधला भाग. मूर्तींची खरी गर्दी इथे. दाढी असलेला ब्रह्मदेव, नाचणारा शिव, हाडांचा सापळा झालेली चामुंडा, दिशा सांभाळणारे दिक्पाल, आरशात पाहणाऱ्या आणि वाद्ये वाजवणाऱ्या सुरसुंदरी, ध्यानस्थ तपस्वी. मांडीवर स्त्री बसलेल्या एका त्रिमुखी पुरुषाची नोंद १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरनेही घेतली आहे. कितीतरी चेहरे झिजले आहेत, हात तुटले आहेत. कोकणातला चार महिन्यांचा पाऊस साडेनऊशे वर्षे या भिंतींवर पडतो आहे, हे लक्षात घेतले तर उरले आहे ते पुष्कळच म्हणायचे.

हे सारे नुसते सजावटीसाठी विखुरलेले नाही. डॉ. कुमुद कानिटकर यांनी या एकाच मंदिरावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि मूर्तींच्या जागा व क्रम शैवसिद्धांताच्या उपासनेशी जोडून दाखवले. त्यांच्या मांडणीचा प्रत्येक तपशील मान्य करायला हवा असे नाही. पण प्रदक्षिणा करणाऱ्याने कोणती मूर्ती आधी पाहावी आणि कोणती नंतर, याचा विचार बांधणाऱ्यांनी केला होता हा त्यांचा मुख्य मुद्दा मंदिराभोवती एकदा नीट फिरले की पटतो. तपस्वी आणि आचार्यांच्या आकृती इतक्या का आहेत, याचेही उत्तर त्यात मिळते. हे देऊळ एका शिकवणुकीचे घर होते.

आता शिखर. नागर पद्धतीच्या शिखरांचे जे प्रकार आहेत, त्यांतला भूमिज हा एक. भूमिज शिखराच्या चारही बाजूंच्या मध्यभागी तळापासून वर निमुळता होत जाणारा एक रुंद पट्टा असतो, त्याला लता म्हणतात. या लतेवर गवाक्षांची जाळीदार नक्षी असते. दोन लतांच्या मधल्या जागेत छोट्या खांबावर छोटे शिखर अशी आकृती पुन्हा पुन्हा येते. या आकृती खालून वर उभ्या ओळींत आणि डावीकडून उजवीकडे आडव्या ओळींत बसवलेल्या असतात, वर जाऊ तशा लहान होत. प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक भूमी. सिन्नरच्या गोंदेश्वराचे शिखर पाहिलेल्या वाचकाला हे वर्णन लगेच समजेल. अंबरनाथचे शिखर तसेच होते. आज त्याचा खालचा भाग शिल्लक आहे, वरचा नाही. पण जेवढे आहे तेवढ्यात लताही दिसते आणि मधल्या शिखरिकांच्या ओळीही.

हा प्रकार माळव्यात फार बहरला. वास्तुशास्त्रावरचा ‘समरांगणसूत्रधार’ हा ग्रंथ भोजाच्या नावावर आहे, आणि त्यात भूमिज प्रासादांचे वर्णन आहे. विदिशेजवळच्या उदयपूरचे उदयेश्वर मंदिर हे माळव्यातल्या भूमिजाचे सर्वात देखणे उदाहरण. ते परमार राजा उदयादित्याचे, इसवी सन १०८० च्या सुमारास पुरे झालेले. म्हणजे अंबरनाथ त्याच्या वीस वर्षे आधीचे. तारीख निश्चित असलेल्या भूमिज मंदिरांत अंबरनाथ अगदी सुरुवातीचे आहे, आणि म्हणूनच माळव्याच्या मंदिरांचा अभ्यास करणाऱ्यालाही या ठाणे जिल्ह्यातल्या देवळाकडे यावे लागते. भोजाच्या स्वारीबरोबर ही कल्पना आली, की माळव्यातून कारागीर आले, की घाटावरच्या आणि माळव्याच्या स्थपतींची एकच परंपरा दोन्हीकडे काम करत होती, यावर अभ्यासक वाद घालतात. मला तिसरी शक्यता जवळची वाटते, कारण भिंतीच्या कामात हात बसलेले लोक दिसतात. पाहुण्याची रीत नुकतीच शिकून घेतलेले हे काम वाटत नाही.

खाली उतरून गाभारा

मंडपात शिरले की प्रथम अंधार. डोळे सरावले की मधले चार खांब दिसू लागतात. खालून वरपर्यंत कोरलेले : चौकोनी तळखडा, त्यावर मूर्तींचे पट्टे, वर अष्टकोन, मग वर्तुळ, आणि माथ्यावर तुळया पेलणारे हात. या चार खांबांवर घुमटाकार छत आहे. एकात एक गोल वलये आत सरकत जातात आणि मध्यभागी मिटतात. मंडप आतून साधारण २३ फूट चौरस. आकडा ऐकला की मुंबईतली एखादी खोली डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात तो कितीतरी मोठा भासतो.

गाभारा मात्र खाली आहे. दारातून पायऱ्या उतरून जावे लागते. गाभाऱ्याची द्वारशाखा कोरीव, आतल्या भिंती तुलनेने साध्या. बाहेर इतके काम करून आत त्यांनी हात आवरला आहे. खाली शिवलिंग, वर उंच पोकळी, आणि शिखराचा माथा नसल्यामुळे त्या पोकळीतून आकाश दिसते. माथा पडला की पुरा झालाच नव्हता, यावर लोकांनी आपापली उत्तरे शोधली आहेत. गावातली गोष्ट अशी की पांडवांनी अज्ञातवासात एका रात्रीत हे देऊळ बांधायला घेतले, कोंबडा आरवला, उजाडले आणि शिखर तसेच राहिले. इतिहासकाराला ही गोष्ट खोडून काढण्याची घाई करण्याचे कारण नाही. एवढे मोठे दगड माणसांनी उचलले असतील यावर विश्वास बसत नाही म्हणून लोक भीमाला बोलावतात; ते एका अर्थी कारागिरांचे कौतुकच आहे. फक्त त्या कौतुकात खरे कारागीर नाहीसे होतात. तुळईवरच्या लेखातही त्यांची नावे नाहीत. तिथे राजा आहे, अमात्य आहेत, भांडाराचे अधिकारी आहेत.

‘हेमाडपंती’ या शिक्क्याचे प्रकरण अधिक गमतीचे आहे. महाराष्ट्रात चुन्याशिवाय बांधलेले कुठलेही जुने दगडी देऊळ दिसले की आपण त्याला हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, हा देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप, महादेव आणि रामचंद्र या राजांच्या पदरचा. म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथ त्याच्या दोनशे वर्षे आधीचे. पण गंमत नुसत्या दोनशे वर्षांची नाही. उत्तर कोकणचे शिलाहार राज्य बुडवले ते याच महादेव यादवाने. शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर समुद्रावरच्या लढाईत बुडून मेला, आणि त्या विजयाचे वर्णन स्वतः हेमाद्रीने आपल्या ग्रंथातल्या राजप्रशस्तीत केले आहे. ज्या कारभाऱ्याने शिलाहारांच्या अंताची कविता केली, त्याच्याच नावावर आपण शिलाहारांचे सर्वात सुंदर देऊळ लावून टाकले आहे. मिळकतीच्या उताऱ्यात असला फेरफार कुणी केला असता तर लोक तलाठ्याकडे धावले असते.

देऊळ चालत कसे असेल

मंदिराकडे फक्त इमारत म्हणून पाहायची सवय आपल्याला पुरातत्त्वाने लावली. त्या काळी ते चालते खाते होते. अंबरनाथच्या नित्याच्या व्यवस्थेची कल्पना यावी म्हणून शेजारच्याच एका दानपत्राकडे पाहू. दक्षिण कोकणच्या शिलाहार शाखेतल्या रट्टराजाचा खारेपाटणचा ताम्रपट शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ चा आहे. तो मत्तमयूर या शैव संप्रदायाच्या आचार्यांना, अव्वेश्वर नावाच्या देवालयासाठी दिलेला. त्यात देवाची पूजा आणि देवळाची डागडुजी आहे. तपस्व्यांचे अन्नवस्त्र आहे. विद्यार्थी, विद्वान आणि पाहुणे यांची सोय आहे. शिवाय देवळाकडे लावून दिलेल्या सेवेकऱ्यांमध्ये तेली, माळी, कुंभार, धोबी यांची कुटुंबे आहेत. दिव्याला तेल, देवाला फुले, रोजच्या वापराला मडकी, धुतलेली वस्त्रे. पूजेमागे एक गाव उभे लागते, हे त्या लेखकाला नीट ठाऊक होते.

अंबरनाथच्या भिंतीवरचे आचार्य आणि शिष्य पाहताना हा ताम्रपट आठवावा. दोन्ही कोकणांतले शिलाहार वेगळे, पण शैव आचार्यांचे मठ, त्यांना दिलेल्या जमिनी आणि देवळाभोवतीचा हा संसार यांचे वळण एकच होते.

मुम्मुणीनंतर घराण्यात भाऊबंदकी झाली. नागार्जुनाचा मुलगा अनंतदेव याच्या शके १०१६ च्या ताम्रपटात त्या दिवसांतल्या मुलखाच्या नासाडीचा उल्लेख येतो. पुढे अपरादित्याच्या काळात घराणे पुन्हा सावरले. याज्ञवल्क्यस्मृतीवरची ‘अपरार्क’ ही टीका त्याच्या नावावर प्रसिद्ध आहे. त्यानंतर सोमेश्वर, यादव, मग कल्याण प्रांतावर एकामागून एक सत्ता. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, तेव्हा मंदिर सहाशे वर्षांचे झाले होते. या शतकांत मंदिराची मालकी सांगणाऱ्या सनदांपेक्षा शेजारच्या गावकऱ्यांनी न थांबवलेली पूजा हीच त्याची खरी सलगता आहे.

मुंबईचे विद्वान येतात

१८५४ मध्ये रेल्वे कल्याणला पोहोचली आणि १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत गेली. तेव्हापासून मुंबईचा विद्वान सकाळी निघून अंबरनाथ पाहू लागला. भाऊ दाजींचे वाचन, भगवानलालांचे वाचन हे या सोयीनंतरचे. १८६८ साली सरकारने या मंदिराची पद्धतशीर पाहणी करवली. काम दिले सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेकडे. तिथले शिक्षक टेरी यांच्या देखरेखीखाली शाळेचे चित्रकार आणि साचे घेणारे कारागीर अंबरनाथला आले. त्यांनी भिंतींचे मोजमाप घेऊन रेखाचित्रे काढली, छायाचित्रे घेतली आणि कोरीवकामाचे साचे उतरवले. त्यातली काही चित्रे १८७४ च्या ‘इंडियन अँटिक्वरी’मध्ये छापली गेली. पुढे हेन्री कझिन्स यांच्या १९३१ मधल्या दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथात अंबरनाथला जागा मिळाली.

१८६८ च्या या कामाचे मोल वेगळे आहे. भारतात मंदिरांची अशी बारकाईने, रेषेरेषेने नोंद करण्याचे प्रयत्न तेव्हा नुकते सुरू झाले होते, आणि त्यांत अंबरनाथ पहिल्या काहींपैकी. ज्या मुंबईच्या तरुणांना शाळेत ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या नकला समोर ठेवून चित्रे काढायला शिकवत, ते इथे येऊन शिलाहारांच्या सुरसुंदरीचे बोट आणि खांबावरची वेल कागदावर उतरवू लागले. त्यांच्या हाताला आणि नजरेला काय मिळाले असेल, याचा विचार आपल्या कलेच्या इतिहासात फारसा झालेला नाही.

आजची व्यवस्था

आज मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातले राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक आहे आणि त्याच वेळी रोज पूजा होणारे देऊळही. या दोन्ही गोष्टी एका आवारात नांदवणे सोपे नाही. स्मारकाच्या बाजूने पाहिले तर दूध, तूप, तेल, धूर आणि हजारो ओले पाय यांनी दगड खराब होतो. देवळाच्या बाजूने पाहिले तर ज्याला हात लावता येत नाही आणि ज्याच्यावर पाणी घालता येत नाही तो देव कसला? महाशिवरात्रीला इथे जत्रा भरते, रांगा रस्त्यावर जातात. श्रावणातल्या सोमवारीही गर्दी असते. त्या दिवशी सर्वेक्षणाचे कर्मचारी आणि पुजारी एकाच दारात उभे राहून माणसे आत सोडत असतात. कायद्याच्या भाषेत हे दोन अधिकार आहेत. दारात उभ्या असलेल्यांना ते एकच काम वाटते, आणि मला तेच बरोबर वाटते. पूजा बंद पडलेल्या देवळांची छपरे आधी गळतात, हे महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी पाहायला मिळते.

१९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती यांनी संरक्षित वास्तूच्या भोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करण्यास बंदी केली आहे, आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. भोवतालच्या रहिवाशांना हा नियम जाचक वाटतो, यात नवल नाही. घर दुरुस्त करायलाही कागद लागतो. पण अंबरनाथ, उल्हासनगर आणि कल्याण एकमेकांत मिसळून गेलेल्या या पट्ट्यात तो नसता तर शिवालयाच्या तिन्ही मुखमंडपांसमोर आज इमारतीच असत्या.

कायद्याच्या कक्षेत नदी मात्र येत नाही. मंदिर जिच्या काठी बांधले त्या वालधुनीत गेली अनेक दशके शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे रसायनमिश्रित पाणी येते. पावसाळ्यात ती फुगली की हे पाणी आवाराच्या अगदी जवळ येते. काळ्या बेसॉल्टने आम्लयुक्त पाण्याशी किती काळ टक्कर द्यायची, हा प्रश्न शिल्पशास्त्राचा नाही, नगरपालिकांच्या नळांचा आहे. परिसर सुशोभनाच्या योजनांत दिवे, फरशा आणि कमानी असतात. नदी स्वच्छ झाली नाही तर त्या कमानींखालून येणारा वास सगळ्यांना सारखाच येणार.

२०६० मध्ये तुळईवरच्या शकाला एक हजार वर्षे पूर्ण होतील. त्याआधी करण्यासारखे एक काम फार खर्चाचे नाही. लेखाचा ठसा, त्याचे देवनागरी वाचन आणि मराठी अर्थ एका फलकावर उत्तर दाराजवळ लावावा. मूळ दगडाला स्पर्श न करता, पण लेख नेमका कुठे आहे ते दाखवणारा. त्याच फलकावर १८६८ ची एखादी रेखाकृती छापली तर शिखराचा आणि भिंतीचा कोणता भाग तेव्हा होता आणि आज नाही, हे प्रत्येकाला स्वतः ताडून पाहता येईल. रेखाचित्रे छापील ग्रंथांत आहेत, वाचन मिराशींच्या ग्रंथात आहे. जमवाजमव करायला फक्त कुणीतरी बसायला हवे.